चित्रांतला गांव आणि आमचा गांव

प्रतिवर्षीं पावसाळा ओसरूं लागला म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांची आमच्या चित्रकलेच्या वर्गांत लगबग सुरू होते. यंदां स्मरणचित्राच्या सरावासाठीं ‘आमच्या गांवची सुगी’ असा विषय दिला होता. चाळीस कागद जमा झाले आणि ते टेबलावर पसरून आम्ही शिक्षकमंडळी पाहूं लागलों. बहुतेक प्रत्येक कागदावर वरच्या बाजूस दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडींतून डोकावणारा लाल सूर्य, खालीं वळणें घेत येणारी निळी नदी, नदींत शिडाची होडी, कांठीं माडाचीं दोन झाडें आणि एक कौलारू घर! हीं चित्रें काढणारीं मुलें आष्टी, पाटोदा, शिरूर, केज आणि धारूर या तालुक्यांतलीं. माड त्यांनीं पाहिला असेल तो छापील कागदावर. आणि ज्यांच्या गांवची नदी दिवाळीपुढें वाळू दाखवूं लागते त्यांनीं तिच्यांत होडी सोडली होती.

या चाळीस कागदांत एक कागद मात्र निराळा होता. त्यांत ना डोंगर होता, ना माड. उंसाच्या पाचटाची एक ठेंगणी कोपी, तिच्यापुढें तीन दगडांची चूल, बाजूस टायरची गाडी, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी एक बाई. बाईचें तोंड काढलेलें नव्हतें. मोळीच्या भारानें मान दबली आहे, येवढेंच दिसत होतें. रंग दोनच, तपकिरी आणि काळा. आमच्यांतील एकानें (एकानें कशाला, आम्हीं सर्वांनींच म्हणा) त्या मुलास सांगितलें, "बाळ, हात चांगला आहे तुझा. पण विषय सुगीचा आहे. कांहीं तरी सुंदर काढ." मुलानें मुकाट्यानें कागद उचलला आणि दुसऱ्या दिवशीं दोन डोंगर, सूर्य आणि माड काढून आणले. त्याचे माड इतरांपेक्षां चांगले होते.

ही गोष्ट तेव्हांपासून आम्हांस टोंचते आहे. त्या मुलाच्या घरीं सुगी म्हणजे दुसऱ्याच्या शेतांतला ऊंस, आणि ती त्यानें पाहिली तशी काढली होती. विषय चुकला होता तो आमचा. प्रस्तुत लेख हा त्या चुकीचा कबुलीजबाब आहे. आणि कष्टकरी कुणब्याचें यथार्थ चित्र ही आमच्या जिल्ह्याची खरी गरज आहे, हें आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचा प्रयत्नही आहे.

हा माडांचा गांव आमच्या मुलांच्या डोक्यांत आला कोठून? छापील चित्रांतून. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस घाटकोपर येथें शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्यांतील लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोंचल्या. ज्यांस देवळाची पायरी चढूं देत नसत त्यांच्याही भिंतीवर देव आले, हा उपकार लहान नव्हे. परंतु त्याच भिंतीवर मागाहून दिनदर्शिका आल्या, आणि त्यांवर डोक्यावर घागर घेतलेली, भरजरी लुगड्याची, हंसतमुख खेडवळ तरुणी आली. तिच्या पायांस भेगा नसतात. तिची विहीर आटत नाहीं. टँकरपुढें रांगेंत तिला कधीं उभें राहावें लागत नाहीं. अशी बाई बीड जिल्ह्याच्या कोणत्याही गांवीं आम्हीं पाहिलेली नाहीं. पण घरोघरीं भिंतीवर मात्र तीच टांगलेली असते, आणि तिला पाहून स्वयंपाकघरांतली खरी बाई चित्राच्या योग्यतेची नाहीं असें मुलांस वाटूं लागतें.

कोणी म्हणेल, आमच्या चित्रकारांस यथार्थ चित्र येतच नव्हतें काय? येत होतें, उत्तम येत होतें. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ सालची आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची. या दोहोंच्या आश्रयानें हाडामांसाचा माणूस हुबेहूब उतरविणारे चित्रकार आमच्याकडे निपजले. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनीं तर नाना जातींच्या व नाना धंद्यांच्या स्त्रीपुरुषांचीं रेखाटनें केलीं. परंतु बक्षीस, बिदागी आणि मान यांची वाट राजवाड्याकडे, शेटजींच्या दिवाणखान्याकडे आणि पुराणांतील प्रसंगांकडे जात होती. शेताकडे जाणाऱ्या वाटेवर आश्रयदाता नव्हता. मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. मुंबईची कलाशाळा बीडच्या मुलास विलायतेइतकीच दूर.

कष्टकऱ्याचें चित्र काढण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. जे. जे. शाळेंतील अध्यापक जॉन लॉकवुड किपलिंग यांनीं १८७० सालीं सरकारच्या सांगण्यावरून उत्तर हिंदुस्थानांतील कारागिरांचीं रेखाटनें केलीं. तीं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. रेषा सुरेख, अवजारें अचूक. परंतु त्यांत माणूस हा धंद्याचा नमुना म्हणून बसलेला आहे. एक तऱ्हा नमुन्याची आणि दुसरी शेजाऱ्याची. आम्हांस हवी आहे ती दुसरी.

ती पाहावयाची तर थोडें दूर, फ्रान्स देशांत जावें लागेल. झां फ्रांस्वा मिले (१८१४–१८७५) हा नॉर्मंडी प्रांतांतील शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणीं स्वतः शेतांत राबलेला. १८४९ सालीं तो पॅरिस सोडून बार्बिझों या खेड्यांत राहावयास गेला आणि अखेरपर्यंत तेथेंच राहिला. १८५७ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यानें एक चित्र ठेवलें. कापणी झालेल्या रानांत तीन बायका पडलेलीं कणसें वेचीत आहेत. दोघी कमरेंत पार वांकलेल्या, तिसरी किंचित् उठलेली. दूर मागें उन्हांत धान्याच्या उंच गंजी, भरलेली गाडी, मजुरांची गर्दी आणि घोड्यावर बसलेला देखरेख्या. जें भरलेलें तें मागें आणि लहान. जें रिकामें तें पुढें आणि मोठें. चित्रकाराचें सारें म्हणणें या मांडणींत आलें.

या चित्राचें इंग्रजी नांव वाचतांना आमचीं मुलें अडखळतात. परंतु त्या कामाला आमच्या बोलींत सरळ शब्द आहे. तो शब्द सरवा. ज्वारी निघाली, भुईमूग निघाला कीं मागें राहिलेलीं कणसें नि शेंगा वेचावयास गरिबाघरच्या बायका नि पोरें रानांत जात. सरवा मालकानें झाडून नेऊं नये, तो नाडलेल्यांसाठीं ठेवावा, ही रीत जुनी आहे. बायबलांतील रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतांत सरवाच वेचीत होती. जें चित्र पॅरिसच्या श्रीमंतांस समजावून सांगावें लागलें तें पाटोद्याच्या म्हातारीस एका नजरेंत समजेल. आणि घोड्यावरचा तो माणूस कोण हेंही तिला विचारावें लागणार नाहीं.

त्या चित्राचें पॅरिसांत काय झालें? कित्येक टीकाकार संतापले. कोणास त्या तीन बायकांमागें १७९३ च्या राज्यक्रांतीची छाया दिसली. वस्तुतः चित्रांत कोणीं मूठ आवळलेली नाहीं, कोणीं डोळे वटारलेले नाहींत. केवळ वांकलेल्या पाठी मोठ्या करून दाखविल्या, येवढ्यानेंच लोक भ्याले! पुढें त्याच मिलेचें सायंप्रार्थनेचें चित्र १८८९ च्या लिलावांत पांच लाख फ्रँकांवर गेलें. बटाट्याच्या शेतांत घंटेचा नाद ऐकून मान लववून उभें राहिलेलें तें जोडपें आज जगभर ठाऊक आहे. पण लिलावाच्या वेळीं मिलेला जाऊन १४ वर्षें लोटलीं होतीं.

मिलेचाच समकालीन कूर्बे यानें १८४९ सालीं रस्त्यावर खडी फोडणारे दोन मजूर रंगविले. एक म्हातारा, एक पोरगा. राजेरजवाड्यांच्या तसबिरीस शोभावें असें सुमारें साडेपांच फूट उंचीचें तें चित्र होतें. १९४५ सालीं महायुद्धाच्या धामधुमींत तें जर्मनींत नष्ट झालें. आतां त्याचीं छायाचित्रेंच उरलीं आहेत. हें वाचतांना आम्हांस १९७२ चा दुष्काळ आठवतो. त्या वर्षीं आमच्या जिल्ह्यांत बायाबापड्यांनीं दुष्काळी कामांवर उन्हांत बसून खडी फोडली. ज्यांनीं ती फोडली त्यांतील कित्येक आजी अद्याप आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं आहेत. कूर्बेचें चित्र जळालें तरी जगानें त्याची आठवण ठेविली. आमच्या आजीबाईंचें चित्र काढलेंच गेलें नाहीं, तर आठवण कशाची ठेवावयाची?

आमच्या देशांत हा प्रयत्न मुळींच झाला नाहीं असें नव्हे. महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत कुणब्याच्या घरादाराचें वर्णन इतकें बारकाईनें केलें आहे कीं, तें वाचून चित्रकारास चित्र काढतां यावें. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे चित्रकार. त्यांनीं १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या कागदावर जमीन घालवून बसलेला आणि शेवटीं शहरांतल्या गिरणीकडे गेलेला शेतकरी त्यांत होता. तरुण शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलें होतें. पौराणिक देखाव्यांच्या त्या काळांत पडद्यावर साधी झोंपडी आणणें ही चित्रकाराच्याच डोळ्याची कमाई होती. अमृता शेरगिल (१९१३–१९४१) यांनीं १९३६ सालीं आमच्या मराठवाड्यांतील अजिंठ्याचीं लेणीं पाहिलीं, आणि पुढच्याच वर्षीं बाजारास निघालेले दक्षिणेंतील खेडूत रंगविले. चित्तप्रसाद यांनीं १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत गांवोगांव पायीं हिंडून भुकेलीं माणसें काढलीं. सरकारनें तें पुस्तक जप्त करून त्याच्या प्रती नष्ट केल्या. हे चित्तप्रसाद पुढें मुंबईसच राहिले. वाट पाडणारे होऊन गेले आहेत. त्या वाटेनें बीडपर्यंत कोण येतो, येवढाच प्रश्न आहे.

परंतु या थोरांची नक्कल करून भागणार नाहीं. मिलेचा १८५० सालचा पेरणारा मुठीनें बीं फेंकीत चालतो. त्यालाच पागोटें बांधून गेवराईच्या काळ्या रानांत उभा केला तर तें चित्र खोटें होईल. कारण आमच्याकडे ज्वारी तिफणीनें पेरीत आले. चाड्यावर मूठ धरून बीं असें सोडावें लागतें कीं, तें तीनही नळ्यांत सारखें उतरावें. मूठ सैल झाली कीं पीक दाट, आवळली कीं पातळ. त्या मुठींत सबंध घराच्या वर्षाची भाकर असते. तें ज्यास ठाऊक नाहीं त्यास ती मूठ काढतां येणार नाहीं. बैलांचेंही तसेंच. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा देवणी आणि गडद तांबडा लाल कंधारी हे मराठवाड्याचे बैल. त्यांच्या जागीं गुजराथी बैलांचीं भलीं मोठीं शिंगें काढलीं तर शहरांतला परीक्षक गुण देईल, पण आमचा गुराखी हंसेल. बालाघाटच्या डोंगरांना त्रिकोणी शिखरें नाहींत. ते माथ्यावर सपाट आहेत. त्यांच्या उतारावर माड नसून सीताफळ, तरवड आणि बाभूळ आहेत.

खरेपणा म्हणजे जुनेपणा, असाही समज होऊं नये. आज पुष्कळ रानांत तिफणीच्या जागीं ट्रॅक्टर आहे, ज्वारी-बाजरीच्या जागीं कापूस आणि सोयाबीन आहे. मोट जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. तरी चित्रांत मोटच आणि धोतर-पागोटेंच पाहिजे असा हट्ट धरला तर तोही एक माडच झाला! प्लास्टिकची घागर, पत्र्याचें छप्पर, विटलेल्या साडीवर चढविलेला नवऱ्याचा जुना सदरा, हें जसें आहे तसें आलें पाहिजे.

आणि सर्वांत आधीं यावयास हवी ती ऊंसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यांतून माणसांनीं भरलेले ट्रक नि ट्रॅक्टर कोल्हापूर, सांगली, पुणे, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांवकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीनें फेडावयाची असते. नवराबायको मिळून हिशेबांत ‘एक कोयता’ धरतात. माणसांच्या जोडीस हत्याराचें नांव मिळतें, याहून बोलकें शीर्षक कोणत्या चित्रकारास सुचेल? पहांटेच्या थंडींत फडांत शिरावयाचें, ऊंस बुडापासून तोडावयाचा, पाचट सोलावयाचें, वाढें छाटावयाचें, मोळी बांधावयाची आणि गाडी येईल तेव्हां, मग ती मध्यरात्र कां असेना, डोक्यावरून वाहून भरावयाची. एक दिवस आजारी पडलें तर खाडा धरतात. मुलांपैकीं कोणी आजीजवळ राहतात, कोणी हंगामी वसतिगृहांत, आणि कोणी आईबापांबरोबर फडावर जातात. आमच्या हजेरीपटावर हिंवाळ्यांत ज्या लाल खुणा वाढतात त्यांचा अर्थ हा आहे.

आमच्या या मतावर तीन आक्षेप येतात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा कीं, कला ही आनंदासाठीं आहे. दारिद्र्य भिंतीवर कशाला टांगावें? याला उत्तर असें कीं, मिलेच्या त्या तीन बायका पाहून मन खिन्न होतें, पण क्षुद्र होत नाहीं. नीट पाहिलेल्या कोणत्याही कामांत एक डौल असतो. कोयता उगारलेल्या हाताची रेषा, मोळी तोलणाऱ्या पाठीचा कणा, यांत शोभा नाहीं असें ज्यास वाटतें त्यानें ती कधीं पाहिलेली नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो फडावरूनच येतो. आमच्या हालांचीं चित्रें काढून तुम्हीं नांव मिळवावें आणि आम्हीं पुढच्या दसऱ्याला पुन्हां ट्रकांत बसावें, हा कुठला न्याय? या आक्षेपापुढें आम्ही मान लववितों. दया दाखविणारें चित्र हें बहुधा पाहणाऱ्याच्या समाधानासाठीं असतें. म्हणून आम्ही एक कसोटी सुचवितों: ज्याचें चित्र काढलें त्यास तें दाखवावें. तो म्हणाला, "हें माझें काम आहे, असेंच आहे," तर चित्र खरें. तो खालीं पाहूं लागला, तर कितीही बक्षिसें मिळोत, चित्र चुकलें. चित्रानें मजुरी वाढत नाहीं हें खरें. परंतु ज्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं त्यांची मजुरी वाढविण्याची कोणास आठवणही होत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

तिसरा आक्षेप असा कीं, आतां प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, मग कुंचला कशाला? छायाचित्राची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु बटण दाबावयास क्षण पुरतो, आणि आईचा हात काढावयास तासभर त्या हाताकडे पाहावें लागतें. त्या तासांत मुलाच्या ध्यानांत येतें कीं, करंगळी वांकडी झाली आहे, अंगठ्याजवळ कोयत्याचा जुना वण आहे. आईच्या हाताकडे तासभर पाहिलेला मुलगा आणि न पाहिलेला मुलगा हे पुढें एकसारखे होत नाहींत. शाळेंत चित्रकला शिकवावयाची ती याचसाठीं.

तेव्हां आमच्या सूचना अगदीं साध्या आहेत. स्मरणचित्राचा विषय देतांना ‘निसर्गदृश्य’ असें मोघम न सांगतां महिना आणि काम सांगावें: कार्तिकांत तुमच्या घरीं कोण काय करतें तें काढा. सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें घरच्या एका कामाचीं दहा रेखाटनें करावीं, आणि तें काम करणाऱ्या माणसाकडून तीं तपासून घ्यावीं. "कोयता असा धरीत नाहींत रे," असें बापानें सांगितलें तर ती दुरुस्ती आमच्या लाल शाईहून मोलाची समजावी. आणि चित्रांचें प्रदर्शन स्नेहसंमेलनाच्या दिवसांत न भरवितां चैत्र-वैशाखांत भरवावें. कारण संमेलनाच्या वेळीं जे पालक फडावर असतात, तेच या चित्रांचे खरे परीक्षक आहेत.

तो मुलगा दसऱ्यानंतर आईबापांबरोबर गेला. पट्टा पडून टोळ्या परतूं लागल्या म्हणजे तोही येईल. तेव्हां त्यास एक कोरा कागद आणि तोच जुना विषय पुन्हां द्यावयाचा असें आम्हीं ठरविलें आहे. या वेळीं आम्ही त्यास कांहीं सांगणार नाहीं. चित्र पुरें झालें कीं त्याच्या आईला शाळेंत बोलावून तिला पुढें उभें करूं, आणि मोळी बरोबर आली आहे कीं नाहीं, येवढेंच विचारूं.